किडनीच्या आजारावरचे संशोधन : तुलना कुणाशी केली?



मानवी शरीराच्या संस्था शिकवताना आपण मूत्रपिंडाची आकृती काढतो, भागांना नावे देतो, डायलिसिस आणि प्रत्यारोपण यांवर दोन-दोन वाक्ये सांगतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. मुलांचे प्रश्न मात्र तिथूनच सुरू होतात. "सर, डायलिसिसवर माणूस किती वर्षं जगतो?" "किडनी बदलली की पूर्ण बरा होतो का?" "एक किडनी देऊन टाकली तर देणाऱ्याचं काय?" कुणाचे आजोबा, कुणाची मावशी आठवड्यातून दोन-तीनदा तालुक्याला किंवा जिल्ह्याला डायलिसिससाठी जात असते. त्यामुळे हे प्रश्न निव्वळ परीक्षेचे नसतात.

या प्रश्नांची उत्तरं रुग्णांवर वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासांतून मिळतात, आणि ती आकड्यांत असतात. पण गंमत अशी की आकडा अगदी बरोबर असूनही त्याचा अर्थ चुकीचा लागू शकतो. असं का होतं, ते आज किडनीच्याच उदाहरणांवरून पाहूया. गणित सहावी-सातवीचंच आहे, घाबरू नका.

थोडी उजळणी

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात साधारण १० लाख नेफ्रॉन असतात. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसभरात रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतला जातो आणि दीड लिटरच्या आसपास लघवी बाहेर पडते. युरिया, क्रिएटिनिन यांसारखा कचरा त्यातून जातो. शिवाय पाणी आणि क्षारांचा तोल राखणं, रक्तदाब सांभाळणं हीही कामं मूत्रपिंडाचीच. आणखी एक काम पाठ्यपुस्तकात सहसा एका ओळीत उरकतात : मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक बनवतं आणि ते अस्थिमज्जेला "तांबड्या पेशी तयार करा" असा निरोप देतं. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मूत्रपिंड किती काम करतंय हे गाळण्याच्या वेगावरून ठरवतात. रक्तातलं क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून हा वेग काढतात. निरोगी तरुण माणसात तो मिनिटाला १०० मिलिलिटरच्या आसपास असतो. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ तो ६० च्या खाली राहिला तर दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. १५ च्या खाली गेला की मूत्रपिंड निकामी झालं असं धरतात. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही यामागची दोन मोठी कारणं. वाईट भाग हा, की बरंचसं नुकसान होईपर्यंत माणसाला काही जाणवतच नाही.

जेव्हा तुलनेची गरजच नव्हती

दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात होतं. तिथल्या काम्पेन गावात विलेम कोल्फ या डॉक्टरांनी १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंड बनवलं. सॉसेज भरायला वापरतात तसली सेलोफेनची नळी, ती गुंडाळायला लाकडी पट्ट्यांचं फिरतं पिंप आणि खाली क्षारयुक्त पाण्याचं टाकं, एवढाच थाट. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये बेशुद्धावस्थेत आणलेली ६७ वर्षांची एक बाई मात्र शुद्धीवर आली आणि वाचली.

पण हे यंत्र फक्त तात्पुरत्या बिघाडाला उपयोगी होतं. दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि अशा किती वाहिन्या वापरणार? १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरात बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातावर कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी वापरली आणि वारंवार डायलिसिस करणं शक्य झालं. प्रत्यारोपणाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया त्याआधीच, २३ डिसेंबर १९५४ रोजी, बोस्टनमध्ये झाली होती. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. भाऊ एकसारखे जुळे असल्यामुळे शरीराने ती परकी मानली नाही आणि घेणारा भाऊ आणखी आठ वर्षं जगला. मरे यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याकडे १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात यशस्वी प्रत्यारोपण झालं.

या सगळ्या वेळी उपचार लागू पडला की नाही हे ठरवायला मोठा अभ्यास लागला नाही. उपचार नाही तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत मृत्यू नक्की होता. त्यामुळे एक माणूस वाचला तरी पुरावा पुरेसा होता.

सिएटलमध्ये मात्र पुढचा पेच लगेच उभा राहिला. यंत्रं मोजकी आणि रुग्ण खूप. मग डॉक्टरांनी आधी चाळणी लावली : मुलं नकोत, ४५ च्या वरचे नकोत. उरलेल्यांतून कुणाला डायलिसिस द्यायचं हे सात नागरिकांची समिती ठरवायची. ती समिती माणसाचं काम, कुटुंब, समाजातलं स्थान असं सगळं पाहायची. यावर तेव्हा खूप टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. आपल्या विषयासाठी यात एक वेगळी गोष्ट आहे. ज्यांना उपचार मिळाला ते निवडून घेतलेले होते. अशा लोकांची पुढची तब्येत चांगली दिसली, तर त्यात यंत्राचं श्रेय किती आणि निवडीचं किती?

शिष्यवृत्तीचा जादा तास

हा प्रश्न आपल्याला शाळेत रोज भेटतो. समजा, पाचवीच्या शिष्यवृत्तीसाठी मी सकाळी जादा तास घेतो. येणं ऐच्छिक आहे. परीक्षेत तासाला येणाऱ्यांची सरासरी ७०, न येणाऱ्यांची ४५. मग जादा तासामुळे २५ गुण वाढले का? आपण शिक्षक मंडळी जाणतोच, की सकाळी सातला येणारी मुलं मुळातच अभ्यासाची असतात, घरचं पाठबळ असतं, डबा भरून द्यायला कुणीतरी उठलेलं असतं. तास घेतला नसता तरी त्यातली बरीच पुढेच असती. खरं शोधायचं तर सगळ्या मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना तास द्यायचा आणि अर्ध्यांना नाही. चिठ्ठी हुशारी बघत नाही, गरिबी बघत नाही, म्हणून दोन्ही गट सारखे पडतात. मग उरलेला फरक तासाचा.

वैद्यकीय संशोधनात याच पद्धतीला सगळ्यात जास्त मान आहे. शाळेत असं करायला आपलं मन धजणार नाही, हे खरं. दवाखान्यात तरी ते का करायचं, याचं उत्तर पुढच्या गोष्टीत आहे.

मूत्रपिंड निकामी झालं की मघाशी सांगितलेलं संप्रेरकही कमी पडतं आणि रुग्णाचं रक्त कमी होतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे संप्रेरक इंजेक्शनच्या रूपात मिळू लागलं आणि डायलिसिसवरच्या रुग्णांना मोठा आधार झाला, वारंवार रक्त चढवण्याची पाळी कमी झाली. मग डॉक्टरांच्या लक्षात आलं की ज्या रुग्णांचं रक्त जास्त, ते जास्त जगतात. साधा तर्क : इंजेक्शन वाढवा, रक्त निरोगी माणसाइतकं करा, आयुष्य वाढेल. तुम्ही-आम्हीही हेच म्हटलं असतं.

अमेरिकेत हृदयविकारही असलेल्या १,२३३ डायलिसिस रुग्णांची अशीच चिठ्ठ्यांच्या पद्धतीने विभागणी केली. एका गटात रक्तातल्या तांबड्या पेशींचा वाटा ४२ टक्क्यांपर्यंत नेण्याचा प्रयत्न केला, दुसऱ्यात तो ३० टक्क्यांवर ठेवला. १९९८ मध्ये निकाल छापून आला. अभ्यास मध्येच थांबवावा लागला होता, कारण रक्त जास्त वाढवलेल्या गटात १८३ मृत्यू झाले आणि कमी ठेवलेल्या गटात १५०. डायलिसिससाठी तयार केलेली रक्तवाहिनी गुठळीने बंद पडण्याचं प्रमाणही पहिल्या गटात जास्त होतं.

आता खरी मेख पाहा. प्रत्येक गटाच्या आत बघितलं, तर ज्यांचं रक्त जास्त होतं तेच कमी दगावत होते! म्हणजे जुनं निरीक्षण खोटं नव्हतं. ज्याची तब्येत मुळात बरी, त्याचं रक्त औषधाला चांगला प्रतिसाद देतं आणि तो जगतोही जास्त. रक्त हे तब्येतीचं लक्षण होतं. औषधाने ते लक्षण ओढूनताणून वर नेलं म्हणून तब्येत सुधारली नाही. हुशार मुलाचं अक्षर चांगलं असतं म्हणून सगळ्यांची अक्षरं घोटून घेतली तर सगळे गणितात पहिले येतील का? (अक्षर घोटून घ्यावंच, पण त्याचे फायदे वेगळे.)

लवकर सुरू करावं की थांबावं?

डायलिसिस कधी सुरू करायचं हा घराघरात भांडणाचा विषय असतो. रुग्ण म्हणतो "आणखी थोडं थांबू", मुलगा म्हणतो "उगीच उशीर नको". इथे मोजमापातच एक फसगत दडलेली आहे. समजा दोन माणसं आहेत, आजार सारखा, दोघांचाही मृत्यू डिसेंबर २०२० मध्ये झाला. एकाने जानेवारी २०१७ मध्ये डायलिसिस सुरू केलं, दुसऱ्याने जुलै २०१७ मध्ये. "डायलिसिसनंतर किती जगला" असं मोजलं तर पहिला सहा महिने जास्त जगल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात एक दिवसही वाढलेला नाही, आपण फक्त घड्याळ आधी सुरू केलं. उलट बाजूनेही फसगत होते : ज्याची तब्येत जास्त ढासळली त्याला डॉक्टर लवकर डायलिसिसवर घेतात, मग लवकर सुरू करणंच वाईट असं वाटू लागतं.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ८२८ रुग्णांवर याचा नीट अभ्यास झाला, निकाल २०१० मध्ये आला. चिठ्ठीने दोन गट. एकाने गाळण्याचा वेग १० ते १४ असतानाच डायलिसिस सुरू करायचं, दुसऱ्याने ५ ते ७ पर्यंत थांबायचं. आणि महत्त्वाचं म्हणजे काळ मोजायचा तो गट ठरला त्या दिवसापासून, डायलिसिसच्या पहिल्या दिवसापासून नाही. लवकरच्या गटात ३७.६ टक्के रुग्ण दगावले, उशिराच्या गटात ३६.६ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. थांबलेल्यांना मात्र डायलिसिसविना जवळजवळ सहा महिने जास्त मिळाले. आठवड्यातून तीनदा चार-चार तास खुर्चीत न बसता काढलेले सहा महिने ही लहान गोष्ट नाही, विशेषतः ज्याला त्यासाठी एसटीने जाऊन यायचं आणि रोजंदारी बुडवायची त्याच्यासाठी.

पण इथे अर्धवट निष्कर्ष काढू नये. उशिराच्या गटातल्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना ठरलेल्या आकड्यापर्यंत थांबताच आलं नाही. उलट्या, धाप, सूज असा त्रास झाल्यामुळे त्यांना आधीच सुरू करावं लागलं. आणि हे सगळे तज्ज्ञांच्या नियमित तपासणीत होते. "थांबलं तरी चालतं" याचा अर्थ "डॉक्टरकडे जाणं थांबवलं तरी चालतं" असा होत नाही. नुसता आकडा बघून घाई करू नये, रुग्णाची लक्षणं बघावीत, एवढंच हा अभ्यास सांगतो.

प्रत्यारोपणाने किती फायदा?

इथे चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. "तुमच्या नावाची चिठ्ठी निघाली नाही, किडनी उपलब्ध आहे पण देणार नाही" असं कुठला डॉक्टर म्हणेल? मग तुलना कशी करायची?

अमेरिकेत १९९० च्या दशकातल्या २,२८,५५२ डायलिसिस रुग्णांच्या नोंदी तपासून १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो मला फार आवडतो, कारण त्यात तीन आकडे शेजारी-शेजारी ठेवले आहेत. दर १०० रुग्णांमागे वर्षाला मृत्यू असे : डायलिसिसवरच्या सगळ्या रुग्णांत १६.१. डायलिसिसवर असलेल्या आणि प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत असलेल्यांत ६.३. मृत व्यक्तीची किडनी मिळालेल्यांत ३.८.

पहिला आणि तिसरा आकडा घेतला तर प्रत्यारोपणाने मृत्यू चौथ्या हिश्श्यावर आले असं वाटतं. बातमी करायची तर हाच मथळा होईल. पण मधला आकडा बघा. प्रतीक्षायादीतल्यांना किडनी मिळालेली नाही, ते अजून यंत्रावरच आहेत, तरी त्यांचं प्रमाण १६.१ वरून ६.३ वर आलेलं आहे. हा फरक निवडीचा. यादीत नाव घालण्याआधी हृदय, वय, इतर आजार सगळं तपासतात आणि शस्त्रक्रिया झेपेल अशांनाच घेतात. जादा तासाला येणारी मुलंच ही!

म्हणून योग्य तुलना ६.३ शी ३.८ ची. शिवाय संशोधकांनी आणखी एक काळजी घेतली. ज्याला किडनी मिळाली तो माणूस त्या दिवसापर्यंत जगलेला होता म्हणून तर मिळाली. तेव्हा प्रत्येकाचे वाट पाहण्याचे दिवस प्रतीक्षायादीच्या खात्यात टाकले आणि शस्त्रक्रियेनंतरचे दिवस प्रत्यारोपणाच्या खात्यात. वय, मधुमेह वगैरे सगळं जमेस धरून हिशेब केल्यावर प्रत्यारोपणामुळे दीर्घकालीन मृत्यूचं प्रमाण वेगवेगळ्या गटांत ४८ ते ८२ टक्क्यांनी कमी निघालं. अंदाजे उरलेलं आयुष्य यादीत राहिल्यास १० वर्षं, प्रत्यारोपण झाल्यास २० वर्षं. फायदा खराच होता आणि मोठा होता, आणि तो आता कुणाला नाकारता येत नाही, कारण तुलना कडक होती.

त्याच अभ्यासात एक कडू घोटही आहे, जो कुटुंबाला आधीच सांगायला हवा. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका यादीत थांबलेल्यांपेक्षा २.८ पट होता. शस्त्रक्रियेचा ताण आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, दोन्ही एकदमच अंगावर येतात. दोन्ही गटांतल्या जगलेल्यांचं प्रमाण सारखं व्हायला सुमारे २४४ दिवस लागले. त्यानंतर प्रत्यारोपण झालेले पुढे गेले ते गेलेच. आठ महिने धीर धरायचा असतो, ही गोष्ट आकड्यांनीच सांगितली. आणि प्रतिकारशक्तीची ती औषधं जन्मभर घ्यायची असतात, "आता बरं वाटतंय" म्हणून सोडायची नसतात.

आणि देणाऱ्याचं काय?

भारतात बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत दात्याच्या किडनीने होतात, आणि दात्यांत बायका पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त असतात. आई मुलाला देते, बायको नवऱ्याला देते. त्यामुळे वर्गातला तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मिनेसोटात १९६३ पासूनच्या ३,६९८ दात्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. दात्यांचं आयुष्य सर्वसाधारण लोकांइतकंच होतं. पुढे स्वतःची किडनी निकामी होण्याचं प्रमाण दात्यांत वर्षाला दर १० लाखांत १८०, तर सर्वसाधारण लोकांत २६८. किडनी देणाऱ्याला धोका उलट कमी! असं कसं? एव्हाना तुम्ही ओळखलं असेल. दाता होण्याआधी रक्तदाब, साखर, लघवी, सगळ्या तपासण्या होतात आणि धडधाकट माणसालाच परवानगी मिळते. सर्वसाधारण लोकांत मधुमेही आले, रक्तदाबवाले आले.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्याच ९६,२१७ दात्यांची तुलना दाता होऊ शकले असते इतक्या निरोगी, पण किडनी न दिलेल्या लोकांशी केली. १५ वर्षांत किडनी निकामी होण्याचा धोका दात्यांत दर १०,००० मध्ये ३०.८, निरोगी बिगर-दात्यांत ३.९. जन्मभराचा अंदाज दात्यांत ९०, निरोगी बिगर-दात्यांत १४ आणि कुठलीही चाळणी न लावलेल्या लोकांत ३२६.

आता याच आकड्यांवरून कुणी म्हणेल "धोका आठपट", कुणी म्हणेल "१०,००० मध्ये फक्त २७ जण जास्त", आणि कुणी म्हणेल "सामान्य माणसापेक्षा कमीच". तिन्ही वाक्यं खरी आहेत. पण किडनी द्यायला निघालेल्या बाईसाठी योग्य तुलना तिची तिच्याशीच आहे : दिली तर काय आणि न दिली तर काय. तिला ९० आणि १४ हे दोन आकडे सांगायला हवेत, ३२६ नव्हे. आणि "१०,००० मध्ये ९०" म्हणजे शंभरात एकाहूनही कमी, हेही सांगायला हवं. शिवाय मुलगा किंवा नवरा जगण्याचा तिला होणारा आनंद यातल्या कुठल्याच रकान्यात येत नाही, त्याचा हिशेब तिनेच करायचा.

आपल्या देशात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने जवळच्या नातेवाइकांना दान करता येतं, आणि इतर कुणी द्यायची म्हटली तर प्राधिकार समितीची मंजुरी लागते. दाता स्वखुशीने देतोय ना, पैशाचा व्यवहार नाही ना, हे ती पाहते. पण घरातल्या दबावाची चौकशी करणं कुठल्याही समितीला अवघडच.

आणखी एक गोष्ट. वरचे आकडे अमेरिकन दात्यांचे आहेत. आपल्याकडे मधुमेह तुलनेने कमी वयात गाठतो, आणि पंचविशीत किडनी दिलेल्या मुलीपुढे १५ नाही, ५० वर्षं असतात. त्यामुळे शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, आता दात्याचं काम संपलं असं घरातल्यांनी धरू नये. रुग्णाच्या औषधांची, पथ्याची सगळे काळजी घेतात आणि देणारी बाई महिन्याभरात चुलीपुढे उभी असते. तिचाही रक्तदाब, लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन दर वर्षी तपासायला हवं, आणि दुखण्याच्या गोळ्या मनाने घेणं तिने टाळायला हवं. रुग्णाला तपासणीला नेता, त्याच दिवशी तिचंही रक्त तपासायला देता येतं.